शिट्टी

थोरली नणंद शाळेत खेळाची शिक्षिका. भावजयीच्या होणाऱ्या बाळासाठी तिने पार्टी ठरवली, तीही क्रीडास्पर्धेच्या थाटात: डोळे बांधून बाहुलीला लंगोट घालायची शर्यत, दुधाच्या बाटलीतून सरबत प्यायची चढाओढ, वर गळ्यात शिट्टी. पाहुणे जमले, जोड्या लागल्या, शिट्टी ओठांशी गेली आणि तिची नजर सजवलेल्या खुर्चीवर पडली. पाठदुखीने कित्येक रात्री तळमळलेली भावजय फुग्यांखाली चक्क घोरत होती. “उठवू?” भावाने विचारलं. “हात तर लावून बघ!” ती कुजबुजली. तिला कुजबुजताना घरच्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. शिट्टी मुकाट्याने खिशात गेली. केक खाऊन, हसू दाबत पाहुणे मांजरपावलांनी पांगले. संध्याकाळी भावजय दचकून उठली. “ताई, खेळ राहिलेच का हो?” “झाले की! पहिला नंबर तुझाच,” म्हणत नणंदेने अखेर मनसोक्त शिट्टी फुंकली. पोटातल्या खेळाडूने लगेच लाथ मारली.