बुजवलेली भोकं

ग्राइंडरचं पातं बोटीच्या तळात शिरलं आणि कापलेल्या फटीतून काळं पाणी वर आलं. चार वर्षं शेडमागे ताडपत्रीखाली पडून असलेली बोट, आणि पोटात पाणी! थोरल्यानं मशीन बंद केलं.

"काय झालं?" स्टुलावरून बाबांनी विचारलं. त्यांचा उभा जन्म बोटी बांधण्यात गेला होता. डोळ्यांनी दगा दिल्यापासून ते पोराचं काम कानांनी तपासत बसायचे. परवा त्यांनीच फर्मान काढलं होतं, ही बोट एक तर दुरुस्त होऊन पाण्यात जाईल, नाही तर भंगारात. दारात नको.

"काही नाही. लाकूड जरा ओलं आहे."

"जरा म्हणजे किती?"

थोरल्यानं फायबरचा तुकडा उचकटला आणि खालच्या वाशावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. नुसता टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बोटीच्या लांबीला असे चार वासे असतात, तळाचा सगळा भार त्यांच्यावर. त्यानं चारही तपासले. हाताला भिजलेल्या पावासारखा लगदा लागला.

याच बोटीतून आई बुडाली होती. सुकाणू धाकट्याच्या हातात होतं. "दगड नव्हता हो बाबा, तळ आपोआप फाटला," असं तो घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होता. आणि थोरला एकच वाक्य बोलला होता, "तळ मी घातलाय. माझ्या हातचा तळ फाटेल कसा?" झालं, निकाल लागला. बाबांनी धाकट्याला घराबाहेर काढलं. आईचं शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही.

थोरल्याच्या शब्दाला वजनच तसं होतं. त्याच्या कामाला नाव ठेवायला कुठे जागा नसे. धाकट्याची तऱ्हा उलटी. फायबर चिकटवायचं रेझिन डब्यात कमी आणि स्वतःच्या केसांत जास्त. त्यानं भेग बुजवली की तिथे टेंगूळ उठायचं. बाबा शिव्या घालायचे आणि तोंड फिरवून हसायचे.

थोरल्यानं आत टॉर्च मारला. तळाच्या आत वाशांच्या मधे आडव्या फळ्या असतात आणि प्रत्येक फळीच्या बुडाशी अंगठ्याएवढं भोक ठेवायचं असतं. आत झिरपलेलं पाणी त्यातून मागे वाहत जातं आणि मागचं बूच काढलं की बाहेर पडतं. इथे भोकं नव्हती. एकही नाही. त्यांच्या जागी फायबरचे गुळगुळीत गोल होते, घासून आजूबाजूला मिळवून टाकलेले.

मग त्याला आठवलं. तळ बंद करायच्या आधी ती उघडी भोकं त्याच्या डोळ्यांत खुपली होती. पुन्हा कोणाला दिसणार नव्हती, तरी खुपली. अर्ध्या तासाचं काम, हातासरशी उरकलं होतं. त्यानंतर झिरपलेलं पाणी कप्प्याकप्प्यात कोंडलं आणि लाकूड खात बसलं. असा पोकळ झालेला तळ दगडाशिवायही फाटणारच होता.

त्यानं पुन्हा ग्राइंडर उचलला. दोन मिनिटांत त्या गोलांचा भुगा झाला असता. उरलं असतं कुजकं लाकूड, आणि लाकूड काय, कुठल्याही बोटीत कुजतं.

"थांब," बाबा म्हणाले. "पाणी साचलं कसं? भोकांचं काय झालं?"

"बुजलीत."

"गाळानं?"

"नाही. बुजवलीत." मग तो पुढे बोलून गेला, "तेव्हा धाकटाही होता ना हाताखाली. त्यानंच केलं असेल."

बाबा उठले, चाचपडत बोटीपाशी आले आणि कडेवरून वाकून त्यांनी हात आत घातला. तो हात धरावा असं थोरल्याला वाटलं. धरवला नाही. म्हाताऱ्याची बोटं लगद्यातून सरकत पहिल्या गोलावर थांबली, त्याच्या कडेकडेनं फिरली. मग दुसऱ्यावर गेली. तिसऱ्यावर बराच वेळ राहिली.

"जोड कुठे हाताला लागतच नाही," ते म्हणाले. "हे काम धाकट्याचं?"

थोरल्यानं हातातला ग्राइंडर खाली ठेवला.

बाबांनी हात बाहेर काढून शर्टाला पुसला. ते ओरडले असते, कानाखाली वाजवली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही.

"फोन लाव त्याला. आवाज मोठा ठेव, मलाही ऐकू दे."

"बाबा, मी त्याला काय सांगू?"

"आधी लाव."

नंबर चार वर्षं फोनमध्येच होता. थोरल्यानं तो एकदाही लावला नव्हता. पहिली घंटा वाजते न वाजते तोच पलीकडून फोन उचलला गेला. मागे यंत्रांची घरघर होती, ती हळूहळू लांब गेली. तो धावत बाहेर आला असावा.

"दादा?" धाकट्याला धाप लागली होती. "बाबा गेले का?"

थोरल्यानं बाबांकडे पाहिलं. शेजारी बाबांनी बोटीची कड दोन्ही हातांनी धरली.

"दादा, ऐक ना. मी लगेच निघतो," धाकटा म्हणाला. "या वेळी तरी मला तोंड बघू द्याल ना?"