न बांधलेल्या जहाजावरचे अकरा

धाकट्याने आपल्या जहाजाचं चित्र ताईने कापायला घेतलेल्या कापडावरच पसरलं, तिथेच ताईचं टाळकं सरकलं.

"अरे, खाली खडूच्या रेघा आहेत! पुसल्या तर परत कोण आखणार? तुझं मंडळ?"

"दोनच मिनिटं गं ताई. बघ तरी."

शिलाईच्या त्या दुकानात मोठं टेबल एकच होतं, आणि ताई सकाळपासून त्यावर शाळेचे गणवेश कापत होती. हातातली कात्री न ठेवताच ती बघायला लागली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जहाज. काळ्या शाईतलं, बारीक, देखणं. धाकट्याचा हात लहानपणापासूनच चांगला. पण ते ती त्याला कधी बोलून दाखवायची नाही, आधीच शेफारलेला होता.

सत्तरी ओलांडलेला हा माणूस दर रविवारी आपल्यासारख्याच चार-सहा म्हाताऱ्यांच्या मंडळात बसून कधी न बांधलेली जहाजं काढायचा. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश आरमाराला पैसा मिळाला असता तर, अमक्या मंत्र्याने सही केली असती तर, किनाऱ्यावर फौज उतरवणारी जहाजं कशी झाली असती, यावरून ही मंडळी हमरीतुमरीवर यायची. ताईच्या लेखी सगळा रिकामटेकडेपणा.

आज मात्र तो मागायला आला होता. मंडळाचं प्रदर्शन भरत होतं आणि या जहाजाशेजारी त्याला दोघांमधल्या, लढाईत गेलेल्या भावाचा, मधल्याचा, फोटो लावायचा होता. वर्दीतला, हसरा. तेवढा एकच उरला होता आणि तो ताईच्या खणात होता. आजवर तिने तो कोणाच्या हातात दिला नव्हता.

"हे बघ," धाकटा बोटाने दाखवायला लागला. "मधला गेला ते जहाज म्हणजे ब्रिटिशांनी आपल्याला दिलेलं महायुद्धातलं उरलंसुरलं खटारं. पोरांना उतरवायची पुढची फळी पाडली ती किनाऱ्यापासून लांब. पाठीवर ओझं घेतलेली पोरं सरळ खोल पाण्यात. इथे ती फळीच नाही. जहाजाने मागच्या बाजूने पोटात पाणी घ्यायचं, की पोरांना घेऊन होड्या आतूनच तरंगत बाहेर पडतात आणि थेट काठाला लागतात. शिवाय वर हेलिकॉप्टर. हे असतं ना ताई, तर आपला मधला आज इथे बसून तुझ्याशी भांडत असता."

ताईला भरून आलं. तिने कात्री खाली ठेवली. खणाकडे हात गेलाही होता, तेवढ्यात तिची नजर कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर पडली. तिथे जहाजाची सगळी जन्मकुंडली मांडली होती. कुठे बांधलं, कधी पाण्यात सोडलं, दुरुस्त्या कोणत्या झाल्या. मग मधला गेला तीच मोहीम, तोच किनारा. आणि पुढे, मृत: अकरा.

"हे काय?"

"तीच चढाई. पण आपल्या जहाजावरून." धाकट्याचा चेहरा उजळला. "तेव्हा छत्तीस गेले होते ना? अकरावर आणले."

"कोण अकरा?"

"कोण म्हणजे?"

"नावं काय त्यांची?"

"ताई, ती माणसं नाहीत गं. नुसता आकडा आहे."

"पेपरातही नुसता आकडाच आला होता," ताई म्हणाली. "आईने तो वाचून देवाचे आभार मानले होते. आपलं पोर त्यात नसणार म्हणून. तार नंतर आली."

धाकट्याने चष्मा काढून पुसला. "पण शून्य कसं लिहू? समोर शत्रूच्या तोफा आहेत. मंडळात एकेक गोष्ट तासून बघतात. एकही मेला नाही म्हटलं तर कोणाला पटायचं नाही. हसतील मला."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बांधलंच नाही ते जहाज पटतं त्यांना! न दिलेला पैसा पटतो, न केलेली सही पटते! आणि सगळी पोरं घरी आली, एवढंच तेवढं पटत नाही? समुद्र तुझा, जहाज तुझं, पेन तुझ्या हातात. तरी मारलीस? कोणी सांगितलं होतं तुला?"

"मधला त्यांत नाही ताई. शप्पथ. त्याला मी वर हेलिकॉप्टरमध्ये बसवलंय."

"मग पाण्यात त्याच्या जागी कोणाला पाठवलंस?"

ताईने खण उघडला, फोटो काढला आणि टेबलावर आपल्या तळहाताखाली दाबून धरला.

"आधी ते खोड."

तसली शाई खोडत नाही, खरवडावी लागते. धाकट्याने पिशवीतून पातं काढलं आणि वाकून, श्वास रोखून ते अकरा खरवडून काढले. मग त्याने पेन उघडलं. त्याचे ओठ हलत होते. काहीतरी मनाशी जुळवत होता, तोडत होता, पुन्हा जुळवत होता. शेवटी त्याने लिहिलं, कागद तिच्याकडे वळवला आणि फोटोसाठी हात पुढे केला.

"याहून खाली नाही आणता येत गं," तो काकुळतीने म्हणाला. "आता तर झालं?"

त्याने लिहिलं होतं, मृत: एक.

ताईने फोटो उचलून परत खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

"आपल्या घरचाही एकच होता रे," ती म्हणाली.