दुधाची परीक्षा

"पी," बाई म्हणाली. "माझ्या नवऱ्याला पाजलंस ना? आता तू पी."

गास्पारच्या कोयत्यावरचं रक्त अजून सुकलं नव्हतं. निलगिरीचे ओंडके आडवे टाकून केलेल्या त्या नाक्याचा तो म्होरक्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांत हुतू जमातीचा कोण आणि तुत्सी जमातीचा कोण, हे तो ठरवायचा. हुतू असेल त्याला वाट मोकळी. तुत्सी असेल तो रस्त्याकडेच्या खड्ड्यात. खड्डा आता अर्ध्यावर भरला होता आणि वास असा सुटला होता की नाक्यावरची हुतू पोरं तोंडाला फडकं बांधून उभी राहायची.

बाईचं नाव दाफ्रोज. ती स्वतः हुतू, जमात छापलेलं ओळखपत्र गळ्यात अडकवून आलेली. तिचा नवरा मात्र सकाळी ओळखपत्राशिवाय नाक्यावर सापडला होता आणि आता खड्ड्यात सगळ्यात वर पडला होता.

"तोही हुतूच होता," ती म्हणाली. "घेवडा पिकवायचा. उंच होता, हाच काय तो त्याचा गुन्हा."

"उंचीचं राहू दे, बाई. चरवीभर दूध प्याला आणि ढेकर देऊन बसला. हुतूला जमतं का ते?"

ही अक्कल गास्पारचीच. लोक ओळखपत्रं फेकून पळायला लागले, तेव्हा पोरांनी आधी नाकं मोजली, मग उंची मोजली. सरळ नाकाचा, उंच असेल तो तुत्सी, असा हिशोब. पण माणसं हिशोबात बसेनात. नाक यांचं आणि उंची त्यांची, असला एखादा आला की पोरांचीच आपसात जुंपायची. मग एक दिवस मारलेल्यांच्या गाई हाकून आणल्या, पोरं अधाशासारखी दूध प्याली आणि पोट धरून झुडपांत पळाली. तिथंच गास्पारची ट्यूब पेटली. हुतूचं पोट घेवड्याचं नि केळ्याच्या दारूचं. दूध पचवावं ते पिढीजात गुराखी तुत्सींनी! त्या दिवसापासून तहानेला आलेल्या माणसाला दूध पाजायचं आणि बसवून ठेवायचं. पोरांतला बोनिफास त्याच्या पोटाला कान लावायचा. पोट गुरगुरलं तर जा बाबा. गप्प राहिलं तर कोयता. कण्हण्याचं नाटक करून काही उपयोग नव्हता, बोनिफासचा कान तिखट होता.

आता तोच बोनिफास चरवी भरून घेऊन आला. म्होरकेपणावर त्याचा पहिल्यापासून डोळा.

"पी ना दादा," तो गोड आवाजात म्हणाला. "बाईच्या मनातलं निघून तरी जाईल."

पोरं हसली. गास्पारही हसला. त्याला कसली भीती? बाप कुदळ मारता मारता मेला, घरात कधी शेळीसुद्धा नव्हती. त्यानं चरवी तोंडाला लावली आणि एका दमात रिकामी केली. दूध गोड लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच चाखलं होतं त्यानं.

मग तो ओंडक्यावर बसला. दाफ्रोज त्याच्या समोर बसली. तिनं एकदाही नजर हलवली नाही.

ऊन कलायला लागलं. गास्पारनं पोटावर हात ठेवला. पोट शांत होतं. त्यानं थोडं दाबून पाहिलं. काही नाही. उलट चांगलं वाटत होतं, अंगात तरतरी आली होती. त्याच्या कपाळाला घाम फुटला. देवा, दुखू दे रे. एक कळ येऊ दे, एवढीशी! पोट दुखावं म्हणून देवाचा धावा करणारा माणूस त्या डोंगरावर आजवर झाला नसेल.

आणि नको तेव्हा त्याला आजोबा आठवला. म्हातारा दारू प्याला की सांगायचा, आपल्याकडंही गुरं होती रे, डोंगरभर होती. साथ आली, सगळी मेली, मग आपण कुदळ धरली. कुदळ धरली तसे लोक आपल्याला हुतू म्हणायला लागले. घरातले म्हणायचे, म्हातारा बरळतोय.

बोनिफास गुडघ्यावर बसला आणि त्यानं गास्पारच्या पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. पोरांचं हसणं थांबलं.

"काहीच नाही," बोनिफास म्हणाला.

"थांब जरा. माझं पोट उशिरानं दुखतं."

"सकाळच्या माणसाला एवढा वेळ दिला होतास?"

गास्पार ताडकन उठला. "पोरांनो, ऐका माझं. ही परीक्षाच खोटी आहे! दुधावरनं काही कळत नाही. कुणाला पचतं, कुणाला नाही पचत. त्यात हुतू काय नि तुत्सी काय!"

"मग माझा नवरा?" दाफ्रोजनं विचारलं.

गास्पारची मान खाली गेली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "माणूस ओळखता येतो असं वाटलं होतं."

तिनं अंगावरच्या कापडात तोंड लपवलं आणि ती हमसून हमसून रडली. तिच्या रडण्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. दोघांनी गास्पारचे दंड धरले होते. म्होरक्याचा कोयता बोनिफासच्या हातात गेला होता.

त्याला फरफटत खड्ड्याकडे नेलं. पहिला घाव खांद्यावर बसला, हाडापर्यंत. तो गुडघ्यावर कोसळला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "अरे बघा ना माझ्याकडं! मी तुमच्यासारखाच आहे रे! काय फरक आहे तुमच्यात नि माझ्यात?"

खड्ड्याच्या काठावर आलेला प्रत्येकजण हेच ओरडायचा, त्यामुळे पोरांनी तिकडं लक्ष दिलं नाही.