गाढविणीची शेवटची आठवण

मेलेल्या गाढविणीची शेवटची आठवण अनुभवायला कुमुदताईंनी हेल्मेट चढवलं. प्राण्यांच्या छळाचा छडा लावणारी ती संस्था त्यांच्याच देणगीवर चालायची. समोर हेरंब बसला होता. पुराव्यासाठी तो दोन महिने वीटभट्टीवर मजूर बनून राहिला होता. पुरावा हाती येईपर्यंत मध्ये पडायचं नाही, हा संस्थेचा नियम त्याने पाळला होता. तिथल्या या गाढविणीला तो रोज गुळाचा खडा तेवढा द्यायचा.

ताईंनी हेल्मेट उतरवलं.

"मारणारा दिसलाच नाही हो. फटके बसत होते आणि ती एकाच माणसाकडे बघत होती."

कोणाकडे, हे हेरंबने विचारलं नाही.

ताईंनी चेकवर सही केली. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "तिला शेवटपर्यंत वाटत होतं, तुम्ही याल."