चकतीचे दोन दाते

चकतीचे दोन दाते कानशीने घासून काढायला त्याला पाच मिनिटं पुरली. ते नेमके जमायला चार महिने गेले होते. लोखंडाचा भुगा त्याने फुंकरीने उडवला, चकती पुन्हा शिलाई मशीनच्या काज करायच्या अटॅचमेंटमध्ये बसवली आणि हात पुसले. वाईट वाटेल अशी त्याची समजूत होती. काहीच वाटलं नाही.

कारखान्यात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. शर्ट शिवायच्या साठेक मशिनी तो एकटा सांभाळायचा. गेलं वर्षभर शर्ट परत येत होते, ते काजांपायी. कुठे काज वाकडं, कुठे एक कड जाड आणि दुसरी विरळ. मालक वैतागून म्हणाला होता, "सहाजणी काजं करतात. कोणाचं बिघडतंय ते शोधत बसायला मला वेळ नाही. हातावर अवलंबून नसेल असं काहीतरी बनव."

आणि या शहाण्याने बनवलं. जुन्या अटॅचमेंटवर कापड सरकतंय का ते हाताने चाचपत बसावं लागायचं, टोकाला आलं की हातानेच फिरवावं लागायचं. नव्यात पकड कापड धरून ठेवायची आणि चकती ते फिरवायची. बाईने कापड ठेवायचं, पायाने दाबायचं, बस्स. मालक खूश झाला आणि जाता जाता म्हणाला, "म्हणजे आता सहाच्या जागी दोघी पुरतील."

त्या सहांपैकी एक मिस्त्रीची ताई होती, आणि सहांत वयानेही तीच थोरली. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. ताईने काजं करून करून त्याला वाढवलं, शिकवलं, पुढे याच कारखान्यात चिकटवलं. तिचं लग्न राहूनच गेलं. कोणी विचारलं तर म्हणायची, "हे ध्यान पदरात असताना मला कोण पत्करणार?" अजूनही दोघं एकाच घरात राहत होते.

मालक कोणाला घरी बसवणार, हे मिस्त्रीला कोणी सांगायला नको होतं. छप्पन वर्षांच्या बाईला कोण ठेवून घेतं? आणि काम गेलं तर ताई दिवसभर चार भिंतींत करणार काय? खंगून जाईल. बरं, खंगवणारा कोण, तर आपणच.

हे त्याने तिला कधी बोलून दाखवलं नाही. तीही बोलली नाही. फक्त रोज जेवताना विचारायची, "कुठवर आलं रे तुझं?"

"होतंय."

"आटप लवकर."

पोटात भीती असली की माणूस असंच विचारतं, असं तो धरून चालला होता. ती पातेलं फडक्याशिवाय गॅसवरून उतरवायची, आणि तो मान खाली घालून घास गिळायचा. किती घट्टे पडलेत हिच्या हातांना, तेही माझ्यापायी, असं त्याच्या मनात यायचं. हळूहळू तेही यायचं थांबलं.

आधीच्या दोन चाचण्या फसल्या होत्या, त्या खऱ्याखुऱ्या चुकांनी. "आजची शेवटची," मालकाने सकाळीच बजावलं. "उद्यापासून मोठी ऑर्डर सुरू होते. नाही जमलं तर हे भंगारात."

चाचणीला कोण बसणार म्हटल्यावर पाचजणी मूग गिळून राहिल्या. ताई उठली. "मी बसते."

"स्वतःच्याच पायावर धोंडा," मागून एकजण पुटपुटली. ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हिचा ताठा काही जायचा नाही, मिस्त्रीच्या मनात आलं.

पहिलं काज अर्ध्यावर अडकलं. घासलेल्या दात्यांपाशी चकती घसरली, कापड तिरकं झालं आणि पात्याने नेमकी शिवलेली कड कापली. ताईने शर्ट बाजूला ठेवला आणि दुसरा लावला. तेच झालं. तिसऱ्यालाही तेच.

"मालक, अजून एक बघू द्या," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने कोणापुढे शब्द टाकलेला मिस्त्रीने पाहिला नव्हता.

"पुरे." मालकाने अटॅचमेंट उचलून भंगाराच्या पेटीत टाकली. "जुन्यावरच चालू दे. पण आता मला बघायचंच आहे. उद्यापासून प्रत्येकीने आपापल्या गठ्ठ्यावर खूण करायची. परत आलेलं काज जिचं निघेल, तिने घरी बसायचं."

मिस्त्रीने मान डोलावली. चार महिन्यांच्या कष्टांवर पाणी पडलं होतं आणि त्याला चक्क सुटल्यासारखं वाटत होतं. ताईचं काम चोख. खुणा करा नाहीतर आणखी काही करा, तिच्या केसाला धक्का लागणार नव्हता.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. ताई खाली बघत चालली होती. ती त्याच्या वाया गेलेल्या कष्टांसाठी हळहळतेय, असं त्याला वाटलं.

"जाऊ दे ना ताई," तो म्हणाला. "झालं ते बरंच झालं. दोघींतच भागलं असतं तर आधी तुलाच काढलं असतं."

"मला नव्हते काढणार."

"कोण म्हणालं?"

"मालकच. महिन्याभरापूर्वी मी जाऊन विचारून आले. त्या दोघींत पहिलं नाव माझं होतं."

तो जागच्या जागी थांबला. ती दोन पावलं पुढे गेली, मग वळली.

"तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे ओढत नेलं असतंस, आणि डॉक्टरने काम बंद करायला लावलं असतं," ती म्हणाली. "परत येतात ती काजं माझी आहेत रे. वर्ष झालं, या बोटांना काही कळतच नाही. तुझ्या मशिनीला बोटं लागणार नव्हती, म्हणून एकेक दिवस ढकलत होते."