मंत्र्यांचं नाक

मंत्र्यांचं नाक पुन्हा सरळच आलं, तसं व्यंगचित्रकाराने हातातलं पेन टेबलावर आपटलं. पेनाला काही झालं नाही. ते प्लॅस्टिकचं होतं. पूर्वी निब तरी मोडायची, रागाचं थोडं सार्थक व्हायचं.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं. ती समोर बसून त्याच्या शर्टाची बारीक बटणं काढून मोठी लावत होती. काजंही मोठी करून झाली होती.

"मी नाक वाकडं काढतोय, आणि हा टॅब ते सरळ करून देतोय."

चित्र तसं साधं होतं. नदीवरचा पूल निम्म्यातच संपलेला, आणि त्याच्या टोकाशी मंत्रिमहोदय कात्री घेऊन फीत कापायला उभे. सगळी गंमत नाकात होती. शेंड्याच्या जरा वर बारीकसा बाक दिला, की गृहस्थ त्या बांधायच्या राहिलेल्या पुलाकडून नाक वळवून उभे आहेत असं दिसायचं. बाक नसला, की तेच मंत्री कापडदुकानाच्या जाहिरातीतले सज्जन.

टॅब आणला मुलीने. त्याचा हात थरथरायला लागला आणि चित्रातल्या रेघाही थरथरायला लागल्या, तेव्हा संपादकाने प्रेमानेच विचारलं होतं, "काका, वाचक तुमच्या तब्येतीची चौकशी करतात. थोडी विश्रांती घेता का?" त्या कचेरीतून विश्रांतीला गेलेले दोघेजण त्याच्या माहितीचे होते. ते अजून विश्रांतीच घेत होते.

"बाबा, ही पट्टी शंभरावर ठेवायची," मुलीने पडद्याच्या कडेला बोट लावून शिकवलं होतं. "मग हात कितीही हलू दे, रेघ सुतासारखी येते."

आणि यायची. खोटं कशाला बोला? पण थरथर कुठली आणि खोडी कुठली, हे त्या यंत्राला कळत नव्हतं. दोन्ही दुखणी समजून ते दोन्ही बरी करायचं. नाकापुरती पट्टी खाली ओढून पाहिली, तर मंत्र्यांचं बाकी अंग इस्त्रीतून काढल्यासारखं आणि नाक तेवढं हिवतापाने कापणारं. तेही पुसलं. पुसलेलं नाक कुठे पडलेलंही दिसत नव्हतं. पूर्वी निदान टेबलाखाली बोळ्यांचा ढीग असायचा, दिवसभर काहीतरी केलंय असं वाटायचं.

त्याने टॅब उचलून बायकोपुढे धरला. ही त्यांची जुनी रीत. तो काही सांगायचा नाही, ती काही विचारायची नाही. ती फस्सकन हसली तर चित्र कचेरीत जायचं. "छान आहे" म्हणाली तर फाडलं जायचं. त्या घरात 'छान' हा नापासाचा शेरा होता. टॅब आल्यापासून ती रोज छानच म्हणत होती, आणि काच काही फाडता येत नव्हती.

तिने दोरा दातांनी तोडला, मान वर केली. "छान आहे."

"माहितीये मला."

तो परत बसला. मग त्याने पट्टी शून्यावर आणली आणि चित्र पहिल्यापासून काढायला घेतलं. पूल कापत आला. फीत कापत आली. मंत्र्यांच्या हातातली कात्री तर मंत्र्यांनाच टोचेल अशी आली. नाकाशी आल्यावर त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि एका दमात ते ओढलं. बाक हवा तिथे पडला. शाई वाळावी म्हणून त्याने काचेवर फुंकर मारली, आणि मग स्वतःवरच वैतागला.

बायको फस्सकन हसली. मग शर्ट तोंडावर दाबून हसत सुटली. "अगं बाई, मेलं कुठे बघतंय ते!" तोही हसला. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं, अगदी आतून.

मग तिला तो कापणारा पूल दिसला. टॅब धरलेली बोटं दिसली. तिचं हसू ओसरलं.

"हेच पाठवा," ती म्हणाली.

"हे पाठवलं तर उद्यापासून विश्रांती."

"मग घ्या."

"घेऊन काय करू? तुझ्यासारखी बटणं लावत बसू?"

"ती तुम्हाला आता जमायची नाहीत," ती बोलून गेली, आणि लगेच सुईत दोरा ओवायला लागली.

चूक काहीच बोलली नव्हती ती. त्याने पट्टी शंभरावर नेली, सरळ नाकाचे मंत्री काढले आणि पाठवून दिले. मनगटात कळ येत होती.

फोन लगेच वाजला. तो धरून बोलायला त्रास पडायचा, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"काका, छान आहे! एकदम छान!" संपादक म्हणाला. "हात काय खणखणीत झालाय तुमचा! उद्याचंही असंच येऊ द्या."

फोन बंद झाला.

"ऐकलंस?" तो म्हणाला.

"ऐकलं. नापास झालात, पण वर ढकललं."

तिने शेवटच्या बटणाला गाठ मारली, शर्ट झटकला आणि त्याच्या अंगावर चढवला. "लावून बघा बरं."

मोठं बटण पहिल्याच खेपेला काजात गेलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"छान आहे," तो म्हणाला.