कागदी अक्रोड

मेहुण्याने मालकाच्या टेबलावर तीन अक्रोड ठेवले. तिन्हींना एकेक भोक, मोहरी जाईल एवढं.

"दाजी, हे मावशींनी निवडलेल्या पोत्यातले. त्यांची नजर गेलीय, मी कधीचं सांगतोय. माझ्या ओळखीची बाई उद्यापासून यायला तयार आहे."

मालक म्हणजे तोंड पोळलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस. त्यातून रानातल्या त्या करड्या, नखाएवढ्या पतंगाची त्याला भारी धास्ती. पतंग झाडावरच्या अक्रोडांवर अंडी घालून मोकळा होतो, अळी आत वाढते आणि एका अळीपायी अख्खा ट्रक परत येतो. बावीस वर्षं माल निवडणाऱ्या मावशींना 'उद्यापासून येऊ नका' कसं सांगायचं, हे तो मनात जुळवत होता. वाईट वाटत होतं, पण संशय त्याहून मोठा होता.

मावशी टोपली घेऊनच आल्या. त्यांनी एक अक्रोड डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"बघा, दिसतसुद्धा नाही," मेहुणा म्हणाला.

"भोक दिसतंय. अळी कुठंय?"

"गेली असेल बाहेर."

"बरोबर. आत शिरते तेव्हा ती सुईच्या टोकाएवढी असते. हे भोक ती जाताना पाडते, पोटभर खाऊन झाल्यावर." मावशींनी मूठ आवळली. कागदी अक्रोड तो, कवच पटकन फुटलं. आत गर अख्खाच्या अख्खा, भुशाचा कण नाही. "मालक, इतक्या अळ्या पाहिल्या. न जेवता गेलेली ही पहिलीच."

मालकाने उरलेले दोन स्वतः फोडले. तेही तसेच. एक तुकडा त्याने तोंडात टाकून पाहिला. गोड होता.

मेहुण्याचा हात आपसूक कॉलरकडे गेला. पोती शिवायचा दाभण तो दिवसभर तिथेच खोचून हिंडायचा.

"आण इकडे," मालकाने हात पुढे केला.

मावशींनी तेवढ्यात टोपलीतला एक अक्रोड कानाशी खुळखुळवला आणि बाद मालाच्या डब्यात टाकला.

"त्याला तर भोक नाही," मालक म्हणाला.

"नाहीच. ती अजून आत आहे," मावशी म्हणाल्या, "खातेय."